मॅनेजर हटाव

माझा जावई सकाळी साडेसहाला शिव्या द्यायला बसतो. शिव्या इंग्रजीत असतात आणि मला नसतात, म्हणून मी चहाचा कप घेऊन शेजारी बसते. सहा वर्षं अमेरिकेत राहून त्याने तिथून एक पदवी आणली, दोन सूटकेस आणल्या आणि बेसबॉल आणला. तिकडची रात्रीची मॅच इकडे दुबईत सकाळी लागते. खेळ मला अजून कळलेला नाही, पण जावई चिडतो कुणावर ते कळतं. मैदानातल्या कुणावरच नाही. तो चिडतो जनरल मॅनेजर नावाच्या, पडद्यावर सहसा न दिसणाऱ्या माणसावर. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाला किती पगार द्यायचा, हे सगळं म्हणे तोच ठरवतो.

गेल्या आठवड्यात जावई फोनवर काहीतरी भरत होता.

"काय रे?"

"अर्ज आहे, आई. ऑनलाइन. त्या मॅनेजरला काढा म्हणून. पगार वाचवायला आमचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे बोलरच, सोडून दिलाय गाढवाने."

"सही कर," मी म्हटलं, "पण खाली नाव लिहू नकोस."

तो हसला. स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "आई, डोन्ट."

तिला ठाऊक आहे मी पुढे काय सांगणार ते. जावयाला मी सांगितलं नाही, इथे लिहिते. मी स्वतः एकदा एका मॅनेजरला काढायला लावलं आहे.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल येऊन स्थिरावण्याचं वय. माझी वाटेत कुठेतरी अडकली असावी. आम्ही शारजात राहत होतो, यांच्या कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. कंपनी नळ, बेसिन, पाइप असल्या सामानाची. ऑफिस दुबईच्या देरा भागात, वेअरहाऊस अल कुसैसला. हे परचेसमध्ये. सकाळी सहाला निघायचे, कारण साडेसहाला निघालं तर देऱ्यात पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्येच दाढी वाढायची. एकुलती एक लेक बारावीत. तिची बोर्डाची परीक्षा मार्चअखेर संपणार होती. आमचं सगळं त्या एका तारखेला बांधलेलं होतं. यांची नोकरी तर यांचा व्हिसा, यांचा व्हिसा तर आमचा, आणि व्हिसा नाही तर घरही नाही आणि शाळाही नाही. हे पाठ होतं मला. पाठ असणं आणि कळणं यात किती अंतर असतं, ते पुढे येईलच.

कंपनीची क्रिकेट टीम होती. तिकडे बऱ्याच कंपन्यांच्या असतात. शुक्रवारी सुट्टी, सकाळी सातला शारजाबाहेरच्या वाळूच्या मैदानावर हिरवी मॅट अंथरून मॅच. आम्ही बायका मिनीबसच्या सावलीत चटया टाकून बसायचो, उपम्याचे डबे आणि चहाचे थर्मास घेऊन. टीममधले निम्मे ऑफिसातले हौशी, आणि निम्मे खास खेळण्यासाठी कामावर ठेवलेले. कागदावर कुणी स्टोअरकीपर, कुणी ड्रायव्हर. दुपारपर्यंत वेअरहाऊसला खोकी मोजायची, नंतर नेट प्रॅक्टिसला जायचं.

त्यांतला आमचा लाडका होता पेशावरचा फास्ट बोलर. साडेसहा फुटी, आणि बोलायला असा मऊ की त्याच्यापुढे आपणच पठाण वाटावं. मला "बाजी" म्हणायचा, म्हणजे ताई. माझी साबुदाण्याची खिचडी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा विचारलं, "बाजी, ये कौन सी दाल है?" तेव्हापासून दर शुक्रवारी त्याचा डबा वेगळा. तो धावत येऊ लागला की मी उभी राहायचे. उभी राहून ओरडायचे. लेक चटईवर पुस्तकात तोंड खुपसून म्हणायची, "आई, प्लीज. इट्स जस्ट क्रिकेट."

टीमचा मॅनेजर होता आमचाच, सोलापूरचा. ऑफिसात माणसांची भरती, रजा, पगार हे त्याचं काम, आणि टीम त्याच कामाला शेपूट म्हणून चिकटलेली. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. ते घर त्याच्या बायकोच्या हॉस्पिटलने दिलेलं, ती नर्स. मला वहिनी म्हणायचा, यांना दादा. कमी बोलायचा. कमी बोलणारा माणूस आतल्या गाठीचा असतो, असं माझं तेव्हाचं पक्कं मत होतं, आणि मी स्वतः दिवसभर बोलत असल्यामुळे ते मला सोयीचंही होतं.

ऑक्टोबरमध्ये त्याने आमचा विकेटकीपर सोडला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओपनिंगचा बॅट्समन. आणि नंतर एका शुक्रवारी मी डबा घेऊन मिनीबसजवळ गेले, तर पेशावरवाला नाही.

"कुठेय तो?"

"गेला," मॅनेजर म्हणाला. "पाइपवाल्यांच्या टीमने घेतला. चांगलं झालं त्याचं."

पाइपवाले म्हणजे आमचे जानी दुश्मन. आमच्याच रस्त्यावरची दुसरी कंपनी.

"घेतला की तुम्ही दिला?"

"पगार वाचवायचाय, वहिनी."

"मग स्वतःचा वाचवा की!"

बायका हसल्या. तो नाही हसला. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाला, "मुलीचा शेवटचा पेपर कितीला आहे?"

हा प्रश्न त्याने मला त्या दोन महिन्यांत तीनदा विचारला. एकदा मैदानावर, एकदा लिफ्टमध्ये आणि एकदा आमच्या दारात. तिसऱ्या वेळी मी नवा सोफा घेतला होता आणि तो वर चढवणाऱ्या माणसांच्या मागे मॅनेजर आमच्या दाराशी, जिन्यात अडकला होता. एल आकाराचा सोफा, अडीच हजार दिरहम, म्हणजे आपले चाळीस-बेचाळीस हजार रुपये. तो सोफ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, एवढ्यात मोठं काही घेऊ नका."

"का? माझ्या सोफ्यातून पण पगार वाचवायचाय का कुणाचा?"

"तसं नाही. शेवटचा पेपर एकतीस मार्चलाच ना? नक्की?"

रात्री मी यांना म्हटलं, "मेला पोरीच्या परीक्षेवर टपलाय. दृष्ट लावायचा." हे कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "ऑफिसातला पाण्याचा कूलर काढून नेलाय. आता घरून बाटली न्यावी लागेल." मी म्हटलं, "देते की भरून, त्यात काय!" इतकंच. कूलर का नेला, हे मी विचारलं नाही. हेही बोलले नाहीत. त्या वर्षी आमच्या घरात सगळे अर्धवट वाक्यं बोलत होते आणि मी ती क्रिकेटने पूर्ण करत होते.

आणखीही काही दिसत होतं. मिनीबसचा एसी बिघडला तो कुणी दुरुस्त केला नाही. वेअरहाऊसमधल्या एका पोराने सांगितलं, अर्ध्या रॅक रिकाम्या आहेत, माल भरतच नाहीत. मी आनंदाने म्हटलं, "बघा, विक्री कशी झालीय!" एवढं ज्ञान पुरेसं नव्हतं म्हणून मी ते चारचौघींना सांगितलंही.

डिसेंबरात पाइपवाल्यांशी मॅच होती. आमच्या नव्या बोलरांना सोळा षटकांत एक विकेट मिळाली, तीही रनआउट. आणि समोरून धावत आला आमचाच पेशावरवाला. पाच जणांना घरी पाठवलं त्याने. दर विकेटला माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवायचा, माफी मागितल्यासारखा. मला रडू आलं. रडू आवरायला मी ओरडले, "ओ मॅनेजर! तुम्हीच या आता बोलिंगला! पगार नाही लागत ना तुम्हाला?"

बायकांनी ते उचललं. टाळ्या वाजवत सुरूच झालं, "मॅनेजर हटाव! मॅनेजर हटाव!" तो सीमारेषेवर पाठमोरा उभा होता. पाठमोराच राहिला. त्याची बायको त्या दिवशी ड्युटीवर होती, हे माझं नशीब.

त्याच दुपारी मी निवेदन लिहायला घेतलं. कंपनीच्या मालकाच्या, शेठच्या नावाने. शेठला टीम म्हणजे जीव की प्राण. धंद्यातल्या मित्रांत मिरवायचा तो. इंग्रजी माझं, टायपिंग लेकीचं. ती म्हणाली, "आई, इज धिस अ गुड आयडिया?" मी म्हटलं, "अन्यायाविरुद्ध उभं राहायचं असतं." ती म्हणाली, "ही इज अवर नेबर." मी म्हटलं, "स्पेलिंग बघ."

आता इथे मला माझा तो प्रसिद्ध नीटनेटकेपणा सांगितलाच पाहिजे. निवेदनाखाली नुसत्या वेड्यावाकड्या सह्या मला पटेनात. मी तक्ता आखला. अनुक्रमांक, नाव, यजमानांचं पद, एम्प्लॉयी नंबर, सेवेची वर्षं, सही. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. पण आखातात वीस वर्षं काढली की असंच होतं. शाळेचा प्रवेश असो, गॅसचं कनेक्शन असो, नाहीतर मैदानाचा गेटपास, प्रत्येक कागदावर तो नंबर लागतो. देवाला नवस बोलायचा असता तरी मी आधी यांचा एम्प्लॉयी नंबर सांगितला असता. आणि सेवेची वर्षं मी मुद्दाम घातली. शेठला कळू दे, आम्ही आजकालचे नाही. आमच्या शब्दाला वजन आहे.

अकरा जणींनी भरलं. पहिली मी. ठळक अक्षरात, वर्षं अठरा. दुसऱ्या नंबरवर पंधरा वर्षंवाली, मग चौदा. मी ज्येष्ठतेप्रमाणे लावून घेतलं होतं, मानापमान नको म्हणून.

अकाउंट्समधल्याची बायको मात्र तक्ता बराच वेळ वाचत राहिली.

"ताई, मला नाही हो यांचा नंबर पाठ."

"घरी बघून सांग."

"बघते," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "ताई, तुम्ही पण जरा थांबता का? जानेवारीपर्यंत?"

"घाबरट आहेस!"

"हो," ती म्हणाली, "आहे मी घाबरट." आणि सही न करता गेली. तिचा नवरा कंपनीचे हिशोब बघायचा. मला तेव्हा त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी शेठ मैदानावर आला. मी पदर खोचून पुढे झाले आणि निवेदन हातात दिलं. मॅनेजर दहा पावलांवर उभा होता. त्याने कागद पाहिला, मग मला पाहिलं, आणि हळूच मान हलवली. नको, म्हणून. मला ते शरणागतीसारखं वाटलं.

शेठने वरचा मजकूर भराभर वाचला. खालचा तक्ता मात्र सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

"भाभीजी, बहुत अच्छा फॉरमॅट बनाया है. एकदम क्लियर."

"थँक यू," मी म्हटलं. लाजलेच मी. त्याने कागदाची नीट चौघडी केली आणि सेक्रेटरीला न देता स्वतःच्या खिशात ठेवली.

रविवारी, तेव्हा आठवडा रविवारी सुरू व्हायचा, मॅनेजरला घरी पाठवलं. बायकोच्या व्हिसावर तो देशात राहू शकला, एवढंच. त्याच्या जागी लॅपटॉपवाला एक तरुण माणूस आला. तो कुणाशी बोलायचा नाही, लिफ्टमध्येही मान वर करायचा नाही. पण त्याने पंधरा दिवसांत पेशावरवाल्याला परत आणला, पाइपवाल्यांपेक्षा जास्त पगार देऊन. मी त्याला बेसनाचा लाडू भरवला. तो म्हणाला, "बाजी, उधर भी ठीक था. लेकिन आप लोगों ने बुलाया." आम्ही दोन मॅच जिंकलो. मी दोन्ही वेळा नाचले. एका मॅचचा व्हिडिओ लेकीकडे अजून आहे. आवाज बंद करून बघितला तर भूत लागलेली बाई दिसते.

लिफ्टमध्ये त्या दिवसांत मॅनेजरची बायको भेटायची. युनिफॉर्ममध्ये, डोळ्यांखाली काळं. मी वरचा आकडा बघत राहायचे. दोन मजले किती लांब असतात ते तेव्हा कळलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हे दुपारी अडीचला घरी आले. अठरा वर्षांत हे दुपारी अडीचला कधी घरी आले नव्हते. बूट न काढता त्या एल आकाराच्या सोफ्यावर बसले.

"एक महिन्याची नोटीस आहे," म्हणाले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणखी कुणाला?"

"सहा जणांना." मग पाण्याचा ग्लास हातात धरून, अगदी सावकाश, "त्या लॅपटॉपवाल्याच्या टेबलावर तुझा कागद होता. झेरॉक्स. सेवेच्या वर्षांना पिवळा रंग लावलेला. वरून सहा. जुनी माणसं, मोठे पगार. क्रमसुद्धा बदलला नाहीये."

  लेक दारात उभी होती, हातात फिजिक्सचं पुस्तक. ती म्हणाली, "मार्च?" एकच शब्द.

आम्ही कॅलेंडर काढलं. महिन्याची नोटीस, मग व्हिसा रद्द, मग देश सोडायला तीस दिवस. बावीस मार्च. शेवटचा पेपर एकतीसला. नऊ दिवस कमी. आणि फ्लॅट कंपनीचा, तो तर फेब्रुवारीतच रिकामा करायचा. यांनी महिनाभर सगळीकडे अर्ज टाकले. बावन्न वर्षांच्या माणसाला "कळवू, इन्शाल्ला" म्हणतात. कळवत कुणी नाही. पुण्याला एका मित्राच्या कारखान्यात जागा होती, पण एक मार्चला हजर व्हायचं. लेकीसाठी वेगळा व्हिझिट व्हिसा काढावा लागणार होता, आणि त्यासाठी इथे राहणाऱ्या कुणाचा तरी पत्ता, सही, हमी. मुख्य म्हणजे छप्पर. ज्या बायकांनी माझ्या तक्त्यावर सह्या केल्या होत्या त्या आता माझा फोन उचलत नव्हत्या. त्यांची काय चूक? त्यांची खोकी बांधायची चालली होती.

राहता राहिला चौथा मजला.

दोन दिवस मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "मी जातो." मी म्हटलं, "नाही. अनुक्रमांक एक मी आहे."

दार मॅनेजरच्या बायकोने उघडलं. आत तो घरातल्या टी-शर्टमध्ये भाजी निवडत बसला होता. मी वाक्यं तयार करून नेली होती. त्यांतलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "एकतीस मार्च."

"माहितीये," तो म्हणाला.

"पोरगी..."

"माहितीये, वहिनी. बसा."

मी बसले नाही. त्याची बायकोही दारातून हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, नर्स जखमेकडे बघतात तशी. राग नाही, माया नाही, किती खोल आहे एवढंच.

तोच बोलू लागला, खाली बघून, मेथीची पानं खुडत. "सप्टेंबरात शेठने सांगितलं होतं, दहा माणसं कमी कर. नावं तू ठरव. म्हणून मी खेळाडूंपासून सुरुवात केली. खेळाडूला दुसरी टीम आठ दिवसांत उचलते. परचेसवाल्याला कोण उचलतं? मी मार्चपर्यंत कसं तरी ओढलं असतं. दादा माझ्या यादीत शेवटी होते."

"मला सांगायचं तरी!"

"ऑफिसची यादी कुणाला सांगतात का? आणि तुम्हाला?" पहिल्यांदा त्याने वर पाहिलं. "तुम्ही मैदानावर सांगितली असती."

खरंच होतं. ओरडून सांगितली असती.

मग त्याची बायको बोलली. "ताई, परीक्षा पोरीची आहे. तिला पाठवा. पुस्तकं ठेवायला कपाट रिकामं करते." मग म्हणाली, "तुम्ही वर येऊ नका मात्र. म्हणजे, मला अजून जमत नाहीये."

मी "बरं" म्हटलं आणि जिन्याने खाली आले. लिफ्ट होती, पण जिन्याने आले.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुण्याला गेलो. जाताना लेक खाली सोडायला आली. तिच्या मागे मॅनेजर उभा होता, तिच्या व्हिसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सोफा कुणीच घेतला नाही. तो आम्ही तसाच सोडला.

मार्चभर रोज फोन. पोरगी कमी बोलायची. ठीक आहे, जेवले, झाला पेपर. एकतीसला मी पुण्यात देवापुढे बसले होते आणि दुपारी लेकीचा फोन लागेना. शेवटी मॅनेजरच्या नंबरवर लावला.

"मीच सोडून आलो शाळेत. फोन बंद असेल तिचा," तो म्हणाला. "पेपर संपला असेल एव्हाना. काळजी नको."

मला म्हणायचं होतं, उपकार झाले. म्हणायचं होतं, चुकलं माझं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "आणि टीमचं काय चाललंय?"



"टीम खलास, वहिनी. पाच तारखेला ऑफिसला कुलूप लागलं. वेअरहाऊसला पण."

"आणि आपला... तो? पेशावरवाला?"

"खोलीवर आहे, अल कुसैसला. दोन महिन्यांचा पगार नाही मिळाला. पाइपवाल्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला, त्यांच्याकडे आता जागा नाही. घरी जायला तिकिटाचे पैसे नाहीत. मी अधूनमधून डबा पोचवतो." मग तो म्हणाला, "विचारत होता, बाजी कधी येणार?"

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, काय सांगू?"

 मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि लेकीचा, "काका, आय थिंक इट वेंट ओके." आणि त्याने फोन ठेवला.